शरणक्काच्या पदरात काय होतं

माझी थोरली जाऊ शरणम्मा हिच्याबद्दल आज गावात कुणालाही विचारा, तोंड भरून सांगतील. दोन वर्षांपूर्वी हेच लोक तिला बघून तोंड फिरवत होते. म्हणून तिची हकीकत मीच सांगते. मी सांगितलेली खरी असेल, कारण मला ती कधी आवडली नाही. आवडत्या माणसाबद्दल माणूस लई खोटं बोलतं.

मी सिंधु. माहेर उदगीरचं, वडलांचं किराणा दुकान. तूरडाळीच्या पोत्यांवर बसून मी बारावीचा अभ्यास केला. शेत म्हणजे बसच्या खिडकीतून दिसतं ते, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन आले ती देवणीच्या पलीकडं, पार कर्नाटकच्या हद्दीवर. इथं पाहुण्याला आधी गोठ्यात नेतात, मग पाणी देतात. माझं बोलणं जरा साफ, म्हणून ह्यांनी पहिल्याच आठवड्यात मला 'मास्तरीणबाई' करून टाकलं. हे म्हणजे माझे मालक, रविकिरण. थोरले दीर नागप्पा, आणि त्यांची बायको ही शरणम्मा. मी तिला अक्का म्हणायचे, शरणक्का.

अक्का चौथी शिकलेली. उंच, हाडापेरानं मोठी, आवाज पुरुषी. दिसायला काही विशेष नाही, हे मी मत्सरानं सांगत नाही. बरं, मत्सरानंच सांगते. पण तिनं गोठ्यात पाय टाकला की दावणीची सगळी जनावरं मान वळवायची. कुणाची गाय अडली की चार गावांवरून मोटरसायकल यायची, "शरणम्माला पाठवा." ती कोपरापर्यंत हात घालून वासरू फिरवायची, मोकळं करायची, आणि घरी येऊन हात धुऊन भाकरी थापायला बसायची. "तिच्या हाताला गुण हाय," असं माझी सासू कमलम्मा म्हणायची, आणि म्हणताना माझ्याकडं बघायची. माझ्या हाताला काय येत होतं? साखरेच्या पुड्या बांधायला. त्याला गुण कोण म्हणतं!

आणि मग मल्लू. देवणी जातीचा वळू, अंग पांढरंशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. तो जन्मला त्याच दिवशी त्याची माय मेली. अक्कानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. माळेगावच्या यात्रेत नेला की लोक त्याच्याभोवती कडं करून उभे राहायचे, नांदेडहून आलेले पेपरवाले फोटो काढायचे. पण खायचा तो फक्त अक्काच्या हातून. खाऊन झालं की तिच्या खांद्यावर मान टाकून डोळे मिटायचा. एवढं धूड, आणि लाड बघा!

माझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी नागप्पा भाऊजी गेले. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. पुढं वाटणी झाली. घराच्या मागच्या अंगणात छातीएवढी भिंत आली, तिकडं अक्का आणि तिची लेक अंजू, इकडं आम्ही. वळूची नोंद कागदावर ह्यांच्या नावानं होती, म्हणून मल्लू आमच्या वाट्याला आला. अक्का एक शब्द बोलली नाही. ती नाही बोलली म्हणून गाव बोललं. "बाई गप हाय, पण आतून धुमसून राहिली," असं पाणवठ्यावर चालायचं. मीही त्यात मान हलवायचे. खरं तर धुमसत होते मी.

का, तर वाटणीनंतरही सगळं तेच! रोज सकाळी हे भिंतीवरून हाक मारायचे, "वैनी, जरा येता का? खाईना झालाय." की ती पदर खोचून आलीच. आमचा बैल, आमचा गोठा, आमची वैरण, आणि आम्ही उभं राहून तिची वाट बघायची. मी हातात मक्याची पेंढी घेऊन पुढं गेले की मल्लू फुस्स करून तोंड फिरवायचा. हे हसायचे. "मास्तरीणबाई, त्याला पाढे न्हाई म्हणायचे, खायचं हाय." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणखी एक सांगते. तोवर दोनदा माझं पोट राहून रिकामं झालं होतं. घरात कुणी स्पष्ट बोलत नव्हतं, पण जिच्या हातून वासरं जगतात ती भिंतीपलीकडं, आणि जिच्या पोटात काही टिकत नाही ती इकडं, हे मला दिवसातून दहा वेळा कळायचं.

त्या वर्षीच्या कार्तिकात मला तिसरा महिना होता. अंजू लातूरला नर्सिंग शिकत होती, हॉस्टेलवर राहायची. एके दिवशी अक्का तिला भेटायला सकाळच्या बसनं गेली. जाताना मल्लूला मका खाऊ घालून गेली. हे देवणीच्या बाजाराला, सासू शेजारी. दुपारी गोठ्यात मी आणि तो, दोघंच. मला वाटलं, आज हिची सावलीही नाही. आज ह्यानं माझ्या हातचं खायलाच पाहिजे.

मका दिला, नाही. पेंड दिली, नाही. मला रडू आलं आणि राग तर असा आला की विचारू नका. तशीच तणतणत विहिरीमागच्या पट्टीत गेले. तिथली ज्वारी महिन्यापूर्वी कापलेली. खाली राहिलेल्या खुंटांना वीतभर हिरवेगार फुटवे आले होते, इतके कोवळे की माझ्याच तोंडाला पाणी सुटावं. ओचाभर कापले. मल्लूपुढं धरले.

त्यानं हुंगलं. आणि खाल्लं! माझ्या हातून! भराभर खाल्लं, मग खरखरीत जिभेनं माझा तळहात चाटला, किती वेळ तरी चाटला. मी त्याच्या कपाळाला कपाळ लावून ढसाढसा रडले. जिंकले, असं वाटलं. उरलेले फुटवे गव्हाणीत टाकले आणि कणीक मळायला घरात गेले. अक्का आली की तिला कसं सांगायचं, कुठला शब्द आधी, हे मनात घोळवत मी कणीक मळत होते.

पाचच्या बसनं अक्का उतरली. ती नेहमीसारखी घरी न जाता आधी गोठ्यात गेली. थोड्या वेळानं तिचा असा ओरडा ऐकू आला की माझ्या हातातली परात पडली. धावत गेले. मल्लू आडवा पडलेला, तोंडाला फेस, डोळे उघडे. गव्हाण साफ होती. मला वाटलं, सगळं खाऊन हा मेला कशानं?

दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांचे डॉक्टर आले. पोट फाडलं, आत हिरवं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "किराळ तर खाल्ली नाही ना ह्यानं?" मी तो शब्द पहिल्यांदा ऐकत होते. ह्यांना रागच आला. "डॉक्टर, कापल्या ज्वारीचे फुटवे म्हंजे जहर, हे आमचं चालतं लेकरूबी सांगंल. बैल दावणीला होता. कोण घालंल त्याला किराळ? पोटात मका हाय, सकाळचा." डॉक्टर अक्काकडं वळले. अक्का म्हणाली, "न्हाई. मकाच हाय."

मी तिथंच होते, चार पावलांवर. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. पण ह्यांनी मल्लूच्या पायाशी बसून शपथ घेतली, "ज्यानं केलं त्याला ह्याच दावणीला बांधीन." माझा हात आपोआप पोटावर गेला आणि मी गप्प बसले. पहिल्या दिवशी गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी बोलायला दुप्पट हिंमत लागते. माझ्याकडं एकपटही नव्हती.

डॉक्टरांनी पोटातलं बाटलीत भरून तपासायला पाठवलं. पुढं त्यांची बदली झाली. पौषात कागद आला, त्यावर लिहिलेलं, सायनाइड. आता कोवळ्या ज्वारीत तेच असतं, हे मला नंतर कळलं, अंजूकडूनच. तेव्हा कुणाला माहीत! सायनाइड म्हणजे विष, आणि विष म्हणजे कुणीतरी घातलं. ह्यांनी ठाण्यात फिर्याद दिली.

फिर्यादीत नाव नव्हतं, पण गावानं आधीच घातलेलं होतं. वाटणीत वळू गेला, म्हणून हिनं मारला. समोरची धोंडाबाई गोवऱ्या थापत होती, तिनं अक्काला गोठ्याच्या मागल्या दारानं निघताना पाहिलं होतं. पदरात काहीतरी धरलेलं, उकिरड्याकडं गेली, परत आली, आणि मग ओरडली. जमादारांनी ते जोडून टाकलं. बाई लातूरहून आली, सरळ गोठ्यात गेली, पदरात पुडी, पोरगी दवाखान्याचं शिकते. "आणखी काय पाहिजे?" असं ते आमच्या ओसरीवर चहा पिताना म्हणाले. तो चहा मी केला होता.

दोन दिवस अक्काला ठाण्यात बसवून ठेवलं. पदरात काय होतं, तर ती म्हणे, शेण. तिसऱ्या दिवशी अंजूला लातूरहून आणलं. पुढचं अंजूनं आमच्या अंगणात उभं राहून सांगितलं, तिला रडूही येत नव्हतं.

"मला बाहेर बाकावर बसवलं. दार उघडंच होतं. ते म्हणाले, पोरीनं औषध आणून दिलं, दोघींचं नाव घालतो. आई म्हणाली, थांबा, तिला काही माहीत न्हाई, मीच घातलं. ते म्हणाले, काय घातलं? आई म्हणाली, तुमच्या कागदात काय हाय? त्यांनी सांगितलं. आई म्हणाली, हां, तेच. कुठून आणलं? आई म्हणाली, तुमीच सांगा साहेब, कुठं मिळतं ते. मग ते सांगत गेले आणि आई हाव म्हणत गेली."

एवढं ऐकूनही कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट, "कबूलच केलंय की," म्हणून सगळे मोकळे झाले. माणसानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं म्हटल्यावर बाकीच्यांना किती बरं वाटतं, ते मी तेव्हा बघितलं. सगळ्यात जास्त बरं मला वाटलं. मला वाटलं, चला, हिचीही नजर कधीतरी खाली जाणार. हे मी सांगते आहे आणि माझी मलाच घाण येते आहे, पण वाटलं ते वाटलं.

जामिनावर ती घरी आली. पण गोठा बंद. आमचाच नाही, गावातले सगळे. एकाची गाय विताना अडून दोन दिवस ओरडत मेली, पण मालकानं शरणम्माला बोलावलं नाही. "विष घालणारा हात," असं तिच्या हाताला नाव पडलं. त्या हातांना आता कामच नव्हतं. ती अंगणात बसून गोधड्या शिवायची. मल्लू गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात आमची गौरी गाय व्याली, त्याचाच गोऱ्हा झाला, काळ्या गालांचा. अक्का भिंतीपलीकडं उभी होती. हे तिला बघून गोऱ्ह्याला आडोशाला घेऊन गेले.

मे महिन्यात मला मुलगी झाली. धडधाकट, तीन किलोची. अक्कानं भिंतीवरून कुंची पाठवली, स्वतः शिवलेली, झालर लावलेली. इतकी सुबक की माझं डोकंच फिरलं. केस चालू आहे, गाव थुंकतंय, आणि हिच्या हातचा टाका एक वाकडा नाही! मी ती पेटीत खाली ढकलली. बारशाला दुकानातली घातली.

जुलैत कोर्टात अक्कानं गुन्हा कबूल केला. वकील म्हणाले होते, कबूल केलं तर लवकर सुटाल. मी ह्यांच्यासोबत मागच्या बाकावर होते, मांडीवर लेक. कारकुनानं कागद वाचला. त्यात होतं, वाटणीत बैल न मिळाल्यानं आरोपीनं मत्सरापोटी हे कृत्य केलं. मत्सरापोटी. मला वाटलं कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारली. मी दचकले तशी लेक रडायला लागली आणि शिपायानं मला बाहेर काढलं. चार महिन्यांची शिक्षा झाली.

ती आत असताना तरी मला स्वस्थता मिळावी की नाही? सासू संध्याकाळी दिवा लावला की रडायची. "शरणम्माच्या हाती गोठा होता तवा घर कसं भरल्यागत वाटायचं." गुन्हेगार ठरली तरी घरात तीच! लेकीचं तोंड बघितलं की मला तिची आठवण यायची. मी काय भोगते आहे हे सांगायला एकच माणूस बरोबर होतं, आणि ते माझ्यामुळं तुरुंगात होतं.

ती सुटून आली. केस अर्धे पांढरे झालेले, बोलणं त्याहून कमी. एक दिवस मी बघितलं, गोऱ्ह्यानं भिंतीवरून तोंड पलीकडं घातलंय आणि ती त्याला आपल्या ताटातली भाकरी देते आहे. तो तिच्या मनगटावर नाक घासत होता. ह्या गोऱ्ह्याला मी वाढवलं होतं! त्याच्या बापाला मारलं म्हणून असेल, पण त्याची शेणघाण मी एका दिवसासाठी कुणावर सोडली नव्हती. आणि तो गेला तिच्याकडंच! मी ह्यांना सांगून ती भिंत दोन वीत वाढवून घेतली. ह्यांनी कारण विचारलं तर मी म्हणाले, "काय घालंल त्याला, नेम काय?" हे मी बोलले. माझ्या ह्याच तोंडानं.

आता गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्याकडं बैलांचा सण ज्येष्ठातल्या पुनवेला असतो, त्याला कारहुणवी म्हणतात. बैलं धुतात, रंगवतात, वेशीत पानांचं तोरण बांधतात आणि मानाचं जनावर ते तोडतं. मल्लूचा वंश म्हणून त्या दिवशी आमच्या गोऱ्ह्याला मान मिळाला. पाठीवर झूल, शिंगांना बेगड. कासरा माझ्या हातात दिला होता. लोक म्हणत होते, सिंधुबाईनं वाढवलाय. मी कशी ताठ चालत होते म्हणून सांगू!

वाट अक्काच्या दारावरून जाते. ती उंबऱ्यात उभी होती. पोलीस पाटील किशनराव पुढं होते, ते अदबीनंच म्हणाले, "शरणम्मा, आत व्हा. जनावरं यायलीत." ती आत वळली.

गोऱ्हा थांबला. चारही पाय रोवून थांबला आणि त्या बंद होणाऱ्या दाराकडं बघून हंबरला. मी ओढलं. हलेना. हाक मारली, थोपटलं, गूळ दाखवला. तो माझा हात झटकून त्या दाराकडं मान लांबवत राहिला. माणसं हसायला लागली. आणि मागून कोण एक बाई बोलली, "बापाला मारलं, आता पोरालाबी भुलवून राहिली."

माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येणार नाही. तिचा कैवार आला म्हणून बोलले, असं मी म्हणणार नाही. मला राग आला होता. गोऱ्ह्याचा, तिचा, हसणाऱ्यांचा. ती एवढी कमनशिबी असून माझ्यापेक्षा मोठी कशी, ह्याचा. मी कासरा टाकला आणि ओरडले, "तिनं नाही मारलं! मी मारलं! मल्लूला मी मारलं!"

किशनरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "ऐकलं का रे? जावेचा डाग आपल्या अंगावर घ्यायला निघाली बाई. ह्याला मन म्हणतात." धोंडाबाईनं डोळ्याला पदर लावला. सासूनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सात जन्मांत मला कुणी एवढं चांगलं म्हटलं नव्हतं! हे कौतुक मिळावं म्हणून मी वर्षानुवर्षं जळत होते, आणि आता ते असं डोक्यावर ओतलं जात होतं.

"अहो, खरं सांगते!" "बस कर सिंधु, बस." कुणी ऐकेना. मी पळत सुटले. विहिरीमागं उन्हाळी कडवळ, म्हणजे वैरणीची ज्वारी, कापलं होतं आणि वळवाच्या पावसानं त्याच्या खुंटांना पुन्हा तसेच फुटवे आले होते. कापत नाही बसले, उपटले. ओचा भरून परत आले आणि सगळ्यांसमोर गोऱ्ह्याच्या तोंडापुढं धरले.

"असंच घातलं होतं! मला माहीत नव्हतं किराळ काय असते! पटत नाही ना? मग बघा आता!"

मी त्याला खरंच खाऊ देणार होते का? अजून मला नक्की सांगता येत नाही. गोऱ्ह्यानं जीभ बाहेर काढली. माणसं "आँ, आँ" करत राहिली आणि तेवढ्यात दार धाडकन उघडून अक्का आली. माझ्या हातावर असा फटका मारला की अर्धे फुटवे मातीत. बाकीचे तिनं ओरबाडून आपल्या पदरात घेतले.

"एकदा तुझं उरलेलं गव्हाणीतून उचललं," ती म्हणाली, "आता दुसऱ्यांदा उचलायला लावतीस व्हय?"

तिच्या तोंडून ते निसटलं. तिलाही ते कळलं, कारण तिनं लगेच ओठ मिटले. पण पदर तसाच धरलेला होता, त्यातून हिरवं लोंबत होतं, आणि सगळं गाव त्या पदराकडं बघत होतं.

धोंडाबाई मटकन खाली बसली. "हिरवंच दिसलं हुतं मला," ती म्हणाली. "मी जमादाराला सांगितलं, हिरवं काय तरी. त्यांनी पुडी लिव्हलं. मी आंगठा दिला."

म्हणजे ती पहिल्या दिवसापासून जाणत होती! आणि मला वाटत होतं, माझं गुपित मी एकटी सांभाळून राहिले. ह्यांनी विचारलं, "वैनी, का न्हाई सांगितलं?"

"कुणाला सांगू? दावणीला बांधणाऱ्याला?" अक्का म्हणाली. "तिला तिसरा महिना हुता. आधीची दोन मीच माझ्या हातानं पुरलीत भाऊजी. मला वाटलं, बैल गेला तर गेला, कुणी न्हाई इचारायचं. मग तो कागद आला. तवा सांगितलं असतं तर कोण मानणार हुतं? पुरावा तर मीच उकिरड्यात टाकलेला." मग तिनं किशनरावांकडं बघितलं. "आता व्हते बाजूला. जनावरं खोळंबलीत." पण कासरा तोवर तिच्या हातात आला होता, आणि तो तिच्या हातून घ्यायला कुणी पुढं झालं नाही. वेशीतलं तोरण त्या दिवशी गोऱ्ह्यानं तिच्या मागं चालत तोडलं.

मी ठाण्यात जाऊन जबाब दिला. ते म्हणाले, निकाल लागून गेला, शिक्षा भोगून झाली, आता काय करायचं? वकील म्हणतात वरच्या कोर्टात जाऊ, अंजू कागद गोळा करते आहे. हे माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत, हळूहळू बोलायला लागलेत. भिंतीच्या वाढवलेल्या दोन विती मी माझ्या हातानं उतरवल्या. लोक अक्काला परत गाईंसाठी नेतात. ती जाते.

पण सणानंतर तिसऱ्या दिवशी ती आमच्या गोठ्यात आली होती, तेवढं सांगायचं राहिलं. गोऱ्ह्याला चारत होती. मी खांबाला धरून उभी.

"अक्का, मला शिव्या द्या. मारा. काहीतरी बोला."

तिनं वळून बघितलं नाही. चारता चारताच म्हणाली, "एक इचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"त्या दिशी खाल्लं तवा... हात चाटला का त्यानं तुझा?"

मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. एवढं खोटं पचवलं होतं, आणखी एक जड नव्हतं. पण तिच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडं बघितलं आणि म्हणाले, "हाव. चाटला. लई वेळ."

तिचा हात गोऱ्ह्याच्या वशिंडावर तसाच थांबला. "आत चार महिने ह्योच एक इचार केला मी," ती म्हणाली. "सकाळी माझ्या हातचं खाल्लं. पण शेवटचं तुझ्या हातचं." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी ओळखली. रोज सकाळी ह्याच खांबाशी उभी राहून मी तिच्याकडं तशीच बघायचे.

"जा आता घरात," ती म्हणाली. "मला तू बघवत न्हाईस."

मी गेले.